सूतभर

गरवारे पॉइंटच्या अलीकडे, सर्व्हिस रोडच्या गतिरोधकावर
गाडीनं पहिल्यांदा स्वतःचं मत मांडलं.
वाल्मिकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर स्थिर होते.
मी पाहत होते.
माझ्या बाजूला अजून सीट नव्हती,
उशी बांधलेला पाट होता,
त्याची कड धरून मी पाहत होते
आणि तरी आम्ही दुभाजकाकडे निघालो होतो.

"तू वळवलंस?"
"नाही."
खुटवडनगर येईपर्यंत एवढंच बोलणं.

शनिवारी शेडमध्ये गाडी घोड्यांवर चढवली.
पाण्याच्या नळीनं लेव्हल बघितली, दोनदा.
स्प्रिंग काढले.
स्प्रिंग काढलेलं सस्पेन्शन
कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखं,
नको तितकं नम्र.
स्टिअरिंग मधोमध आणून सुतळीनं जखडलं,
म्हणजे आता कुणाचं नाव घ्यायला नको.
हबवर, चाकाच्या जागी,
स्वयंपाकघराच्या ट्रॉलीतून उरलेला सनमायकाचा चौकोन.
त्याला टेकलेली दोन घड्याळं, एक पुढे, एक मागे.
गेटपासवर लिहिलंय: डायल गेज, नग दोन, सोमवारी परत.

तो जॅक मारतो. मी वाचते.
दुधाची वही, मागच्या पानापासून.
दहा वर. काटा थरथरला.
वीस.
तीस वर, पुढचा काटा बाहेर, मागचा आत.
साठला चार मिलीमीटरची तफावत,
आणि सुतळी जिथल्या तिथे, गाठसुद्धा सैल नाही.
कुणी वळवत नाही आणि चाक वळतं.
वर गेलं की नाक बाहेर काढतं,
खाली गेलं की आत ओढतं.

वाल्मिक पान्यानं हवेत रेघ ओढून सांगतो:
हा खालचा आर्म या बोल्टभोवती फिरतो,
टायरॉड त्याच्या स्वतःच्या.
दोघांना वाटतं आपण सरळ वर चाललोय.
दोघेही कंस काढतात,
केंद्रं वेगळी.

यावर मला बरंच बोलता आलं असतं.
पण जॅकचा दांडा हातात असलेल्या माणसाशी बोलू नये.

त्याला रॅकचे ब्रॅकेट कापायचे होते. ग्राइंडर काढलासुद्धा.
मी आकडे आलेखावर मांडले, पोरीच्या जुन्या वहीतला कागद.
रेघ निघाली तिरकी, पण सरळ.
वाकडी असती तर रॉडची लांबी चुकली म्हणायचं.
ही नुसती कलली आहे.
म्हणजे उंची.
बाहेरचं टोक खाली घे, कापू नकोस काही.
तो कागदाकडे बघत राहिला,
मग ग्राइंडरची वायर गुंडाळली,
हळूहळू, प्रत्येक वेढा नीट बसवत.

सातपूरच्या अझहरभाईंनी लेथवर वॉशर काढून दिले,
सुताच्या हिशेबात, पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाले, "चालली की दाखवायला आणा."
उजवीला चार सूत घातले, काटा उलटा पळाला.
एक काढला. तीन.
आता साठपर्यंत काटा जागचा हलेना,
हलला तर श्वास घेतल्याइतका.
डावीला मात्र तीन पुरेनात. चार लागले.
"फ्रेम वेल्ड करताना ओढली गेली होती," तो म्हणाला,
घोड्याकडे बघत.
"कधी?"
"गेल्या दिवाळीत."
मी चार लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

रविवारी, उन्हं वर यायच्या आत, थंडीनं बोटं आखडलेली,
तोच गतिरोधक.
त्यानं तळवे उघडले, स्टिअरिंगपासून बोटभर दूर.
गाडी चढली, उतरली,
गेली नाकासमोर,
जशी शाळेत पहिल्या दिवशी मुलं जातात, मागे न बघता.
मी पाटाची कड सोडली नव्हती.

घड्याळं सोमवारी परत गेली.
महिनाअखेर दूधवाला हिशेबाला आला,
वही त्यानं उलटीकडून उघडली,
बोट ठेवून वाचलं: वर साठ, शून्य पूर्णांक तीन.
"ताई, हे कुठल्या दिवसाचं?"

ते तीन दशांश वाल्मिकला अजून छळतात.
मी राहू दे म्हणते.